इस्माईलभाईंचा लाभधारक

नऊ सप्टेंबर, मंगळवार. आजचं काम: शेजारच्या इस्माईलभाईंचा शिंपला दोन फूट डावीकडे सरकवणे.

या कामासाठी गेले चार दिवस मी मोरचुदाला हात लावलेला नाही. वारूळवाडीत माझी द्राक्षाच्या रोपांची नर्सरी आहे. सप्टेंबर म्हणजे कलमं बांधायचे आणि फवारणीचे दिवस. अशा दिवसांत नर्सरीवालीने मोरचूद भिजवायचं नाही हे स्वयंपाकिणीने मिठाला शिवायचं नाही म्हटल्यासारखं आहे. पण इस्माईलभाईंची अटच तशी होती. शिंपल्याला तांबं चालत नाही, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचंच निळं मीठ; त्याचा कण जरी पाण्यात गेला तरी शिंपला मरतो. शुक्रवारीच ते कुंपणाच्या भिंतीपाशी आले आणि माझे दोन्ही हात उलटसुलट करून नखांत निळं कुठं राहिलंय का ते पाहून गेले. लग्नाआधी पाहायला आलेल्यांनीसुद्धा माझे हात एवढे निरखले नव्हते.

इस्माईलभाई पाटकरी होते. कालव्यावर दारं उघडायची, बंद करायची, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी ते बघायचं, ही त्यांची नोकरी. पिंपळवंडीच्या बाजूला एका चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. चारीचं तोंड ते हेड आणि चारी जिथं संपते ते टेल. हेडवाल्यांना पाणी आपोआप मिळतं. टेलवाला बांधावर बसून राहतो. इस्माईलभाई आयुष्यभर सायकलवरून हेडपासून टेलपर्यंत जात राहिले आणि शेवटच्या वावरात पाणी शिरलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घरी जेवायला आले नाहीत. रिटायर होताना त्यांना घड्याळ मिळालं. सवय मात्र खात्याने परत घेतली नाही.

"टेलला पोचलं का?" हा त्यांचा प्रश्न अख्ख्या वारूळवाडीला पाठ आहे. सप्त्याच्या महाप्रसादाला ते स्वतः बसत नाहीत. शेवटच्या पंगतीच्या शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहतात आणि आमटी तिथवर आली की मग पान घेतात. अवसरी बुद्रुकला आमच्या एका नातेवाइकाच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला गाठलं आणि सांगितलं, "मठ्ठा टेलला पोचल्याला न्हाई, राव." आचाऱ्याला वाटलं हे मुलीकडचे कुणी वडीलधारे आहेत. तो हात जोडून माफी मागायला लागला, मागून मुलीचे खरे काका आले तर त्यांना कुणी विचारेना. माझ्या सासूबाईंच्या दहाव्यालाही इस्माईलभाई मागे उभे होते. बायकांच्या बाजूला प्रवचनाचा आवाज पोचत नाही म्हणून त्यांनी कर्णा फिरवून घेतला. आम्हा बायकांना त्या दिवशी प्रवचन ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं.

असा माणूस घरात समुद्र आणेल हे कुणाला वाटलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर वर्षभरात हलीमाभाभी, त्यांची बायको, पाणी तापवता तापवता मोरीत पडल्या. उजवी बाजू गेली, बोलणं गेल्यातच जमा. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत खाटेवर असतात. मुलगी लग्न होऊन लांब. भाभींचं सगळं इस्माईलभाई करतात आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. बोलतात ते टाकीबद्दल.

ही टाकी बाहेरच्या खोलीत, आतल्या खोलीच्या दारासमोरच्या भिंतीला लावलेली आहे. साडेचार फूट लांब काच, पुण्याहून आणलेलं समुद्राचं मीठ, फिल्टरचं पाणी, दगड, प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि दगडासारखाच दिसणारा एक मासा, जो मासा आहे हे मला चार महिन्यांनी कळलं. पंप चालू करताना इस्माईलभाई म्हणतात, आवर्तन सुटलं, कालव्याला पाणी सोडताना म्हणायचे तसंच. पंप पुसायला बंद केला की आवर्तन बंद. पाण्याची पातळी बघायला कालव्यावरचीच खुणा केलेली लाकडी पट्टी. आत जे जे जिवंत आहे त्या सगळ्यांना ते, चारीवरच्या शेतकऱ्यांसारखं, लाभधारक म्हणतात. एकदा दिवसभर लाइट गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली, तेव्हा हा गृहस्थ दुपारभर ताकाच्या रवीने टाकीतलं पाणी घुसळत बसला होता. आमचे हे डोकावून आले आणि म्हणाले, अजून एकही रत्न निघालेलं नाही.

गंमत म्हणजे या जोडप्याने समुद्र पाहिलेला नाही. भाभींना जायचं होतं म्हणे. पण शाळांना सुट्टी उन्हाळ्यात आणि उन्हाळी आवर्तनही उन्हाळ्यातच. टेलवाला बांधावर बसलेला असताना पाटकऱ्याने रजा कशी मागायची? मी एकदा अलिबागला जाऊन आले आहे. वाळू चपलेत जाते, एवढं माझ्या लक्षात आहे. तसं मी भाभींना सांगितलंही होतं. त्या हसल्या नाहीत.

रोज सकाळी सातला टाकीचा दिवा लागतो आणि भिंतीपलीकडून मला ऐकू येतं, "पोचलं का?" मग भांड्यावर काही आपटल्यासारखा एक आवाज, टण. मी समजायची, माशांना खाणं टाकून यांनी वाटी ठेवली. त्या आवाजावर मी चहाचं आधण उतरवते.

जुलैच्या शेवटी इस्माईलभाई पुण्याहून शिंपला घेऊन आले. एसटीत पाण्याची पिशवी मांडीवर, पिशवीवर टॉवेल. नारायणगावच्या स्टँडवर मी योगायोगाने होते. कंडक्टर विचारत होता, काय आहे त्यात? इस्माईलभाई म्हणाले, "लाभधारक हाय. नवा."

शिंपला तळहाताएवढा. दोन शिंपांच्या मधून निळ्या रंगाची, मखमलीसारखी झालर बाहेर येते, तिच्यावर काळे आणि हिरवे ठिपके. एवढा निळा रंग मी फक्त भिजवलेल्या मोरचुदात पाहिला आहे. हा प्राणी उजेडावर जगतो. सावली पडली की मिटतो. इस्माईलभाईंनी त्याला टाकीच्या डाव्या बाजूला, पुढे, एका सपाट दगडावर बसवलं. चार आठवडे तो गुणी मुलासारखा बसला. मग एका रात्रीत तो सरकत, टुणकत उजव्या टोकाच्या मोठ्या खडकावर गेला आणि तिथल्या खाचेत चिकटला.

इस्माईलभाई बिथरले. दिवसातून चार वेळा भिंतीपाशी येऊन गाऱ्हाणं. "जिथं नंबर दिलाय तिथं ऱ्हायला नगं का, वैनी? ह्यो तर थेट टेलला जाऊन बसला. तिथं उजेड पोचत न्हाई."

मी जाऊन पाहिलं. दिवा टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. उजेड मला दोन्हीकडे सारखाच दिसला. शिंपला तर चांगला फुलून बसला होता. तसं मी म्हटलं. ते म्हणाले, तुमाला त्यातलं कळत न्हाई. हेही खरंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

त्यांनी आधी गुरांना औषध पाजायच्या पिचकारीने त्याच्या बुडाखाली पाणी मारून पाहिलं. हलला नाही. मग हाताने ओढून पाहिलं, तर शिंपल्याने अंग आवळून धरलं आणि दोन दिवस उघडला नाही. तेव्हा घाबरून त्यांनी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. दुकानदार ओरडलाच म्हणे. शिंपल्याच्या बुडाला एक भोक असतं, त्यातून तो धाग्यांचा झुपका काढतो आणि त्याने दगडाला स्वतःला बांधून घेतो. ओढलं तर धागे मुळापासून उपटतात, आतलं मांस फाटतं आणि आठवड्यात शिंपला जातो. खडक शिंपल्यासकट उचलला तर उत्तम. पण त्या खडकावर सगळी प्रवाळाची उतरंड चिकटवलेली, तो हलवला तर अख्खा समुद्र कोसळणार. मग राहिला एकच उपाय: धारदार पात्याने धागे कापायचे. दगडाच्या अगदी लगत, शिंपल्यापासून होईल तितकं लांब. नवे धागे तो स्वतः काढतो.

इस्माईलभाईंनी हे सगळं मला सांगितलं आणि आपला उजवा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. कालव्याचं लोखंडी चाक फिरवणारा तो हात.

"तुमी काडीला पाचर मारता ती मी बघितलीय," ते म्हणाले. "एकदा पातं फिरवलं की दुसऱ्यांदा फिरवत न्हाई तुमी."

स्तुतीने मी विरघळणारी नाही. पण हे बरोबर होतं. कलमाची काडी एका कापात कापायची असते. करवतीसारखं पातं घासलं तर जखम भरत नाही. मी हो म्हटलं, आणि फवारणी पुढे ढकलली.

तर आज अकरा वाजता मी माझा कलमाचा चाकू घेऊन गेले. तो त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि अंडी उकडावीत तसा वीस मिनिटं उकळला. मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, साबणाशिवाय, तीनदा. बांगड्या काढून ठेवा म्हणाले. मी म्हटलं, काचेच्या आहेत, तांब्याच्या नाहीत. तरी काढल्या. स्टुलावर चढले आणि हात हळूहळू पाण्यात घातला, कारण सावली पडली की तो मिटतो. मिटलाच. नारिंगी मासा येऊन माझ्या मनगटाला टोचून गेला.

"तो हेडवाला हाय," इस्माईलभाई मागून म्हणाले. "लक्ष देऊ नगा."

डाव्या हाताने मी शिंपल्याची कड किंचित तिरकी केली, ओढ न देता. खाली अंधारात झुपका दिसला, मक्याच्या कणसाच्या केसांसारखा, पण चिवट. पातं दगडाला टेकवून सपाट धरलं आणि एकदाच फिरवलं. हाताला कळलं की सुटलं. शिंपल्याने पाण्याची एक चूळ मारली. मी तो पाण्याच्या आतूनच, वर न काढता, डावीकडे नेला. तिथे इस्माईलभाईंनी शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला होता, म्हणजे पुढच्या वेळी हलवायचा झाला तर फरशीसकट उचलता येईल. शिंपला झालर वर करून त्यावर बसवला, आणि कलंडू नये म्हणून भोवती छोट्या दगडांचं आळं केलं, आपण रोपाला करतो तसं.

सात मिनिटं लागली असतील. इस्माईलभाईंनी सातही मिनिटं श्वास घेतला नव्हता बहुतेक, कारण नंतर ते खाली बसले.

शिंपला मिटलेलाच. ते टाकीसमोरून उठेनात. म्हटलं, हा माणूस आता चहा विचारणार नाही. मीच स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, त्यांच्यापुढे कप ठेवला आणि भाभींचा घेऊन आत गेले.

मी त्या खोलीत गेले नव्हते असं नाही. दर दोन-चार दिवसांनी भाजीचा डबा घेऊन जाते. पण मी उभ्या उभ्या जाणारी बाई आहे. कशा आहात, बरं वाटतंय ना, निघते. आज चहा चमच्याने पाजायचा म्हणून पहिल्यांदा खाटेवर, भाभींच्या उशाशी बसले.

खोली अरुंद. खाट दुसरीकडे कुठे बसतच नाही. तिचा पायथा दाराच्या उजव्या पानाला टेकलेला, म्हणून ते पान कायम बंद. जायला-यायला फक्त डावं पान उघडं. मी चमचा भाभींच्या तोंडाशी नेला, तर त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या बाहेर बघत होत्या. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत मान नेली.

तिथून टाकी निम्मीच दिसत होती. डावी बाजू. फरशीचा तुकडा, दगडांचं आळं आणि त्यात मिटलेला शिंपला. उजवी बाजू, तो मोठा खडक, सगळं दाराच्या बंद पानामागे.

चहा निवत चालला होता. थोड्या वेळाने शिंपा हळूच विलग झाल्या आणि निळी झालर एका कडेने बाहेर आली, मग दुसऱ्या कडेने.

बाहेरून इस्माईलभाईंनी, मान न वळवता, विचारलं, "पोचलं का?"

भाभींनी डाव्या हाताने उशापासची स्टीलची वाटी उचलली आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर एकदा मारली. टण.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेले दोन आठवडे सकाळचा तो आवाज मी ऐकलेलाच नाही. प्रश्न येत होता. मी चहाचं आधण उगाच उकळू देत होते.

बाहेर आले. बांगड्या चढवल्या. इस्माईलभाई म्हणाले, "आता बघा कसा उजेडात आला." मी म्हटलं, हो, आला खरा. शहाण्या माणसाने दुसऱ्याचं कारण सोलून बघू नये.

दहा तारीख, बुधवार. सकाळी सात. दिवा लागलेला भिंतीवरून दिसला. "पोचलं का?" मी पातेलं धरून उभी. काही नाही. पुन्हा एकदा, जरा हळू, "पोचलं का?" काही नाही.

गॅस बंद केला. ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतून हातोडी आणि एक लांब खिळा घेतला, तेलाची बाटली घेतली आणि गेले.

रात्रीत शिंपल्याने आळं मोडलं होतं. दोन फुटांचा प्रवास करून तो उजवीकडे, त्याच मोठ्या खडकाच्या पायथ्याशी जाऊन बसला होता, मस्त उघडा. इस्माईलभाई पिचकारी हातात धरून समोर उभे. दाढी वाढलेली, बनियनवरच. दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

"वैनी, चाकू आणला का?"

"नाही."

"अजून धागं घट्ट झालं नसत्याल. आत्ता उचलला तर..."

"आज उचलाल. उद्या तो परत जाईल. दर आठवड्याला कापत बसायचं का त्याला? त्याला तिथंच बरं वाटतंय."

"पन तिथं उजेड..."

"उजेड आहे, भाई. दार आडवं येतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पिचकारीकडे. तीस वर्षं लोखंडी दारं उघडून लोकांच्या वावरात पाणी पोचवणारा हा माणूस, पण घरातलं दारही काढता येतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "दार काडायचं? घराचं?"

"एक पान. उघडत नाहीच ते. थंडीत पडदा लावा."

"हलीमाला इचारायला पायजे," ते म्हणाले.

विचारायला आम्ही दोघेही आत गेलो. मी भाभींना हातोडी दाखवली आणि दाराकडे बोट केलं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण हसल्या. मी भाभींना हसताना या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. एक शब्दही त्यांनी बाहेर काढला, नीट ऐकू येईल असा. "येडा," त्या म्हणाल्या. कुणाला ते विचारायची गरज नव्हती.

बिजागऱ्या तीन. आतल्या बाजूनेच होत्या, पण गंजलेल्या. तेल सोडलं, खिळा पिनेखाली धरला आणि वर ठोकत गेले. वरची सहज निघाली. मधलीने दम काढला. खालच्या पिनेसाठी मला खाटेखाली घुसावं लागलं, आणि इस्माईलभाई वरून सांगत राहिले, हळू, हळू, जणू मी धरणाचं दार काढत होते. पान सुटलं तसं दोघांनी धरून बाहेर नेलं आणि भिंतीला उभं केलं. पिना मी त्यांच्या हातावर ठेवल्या.

ते टाकीजवळ गेले. आतल्या खोलीकडे पाठ करून, दिव्याची तार उगाच सरळ करत त्यांनी विचारलं.

वाटी एकदा वाजली. मग लगेच दुसऱ्यांदा.

मी हातोडी पदराला पुसली, घरी आले आणि पाच दिवस खोळंबलेलं मोरचूद भिजत घातलं.